ट्रंकेतली पुस्तकं आणि गॅलरीतले प्रेक्षक: प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

माळ्यावरची जादूच्या पुस्तकांची ट्रंक खाली उतरवली. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, म्हणून बुरशी धरायच्या आत पुस्तकं एकदा पंख्याखाली घालावीत, एवढाच हेतू होता. कसर माझ्याआधी पोचली होती. हॉफमनच्या पहिल्या काही पानांची जाळी झालीय. टार्बेलच्या आठ खंडांपैकी माझ्याकडे तीन, तेही सलग नाहीत. बोबोचं नाण्यांवरचं जाडजूड पुस्तक मात्र शाबूत, एर्डनेसही. बहुतेक खरेदी फाउंटनच्या फुटपाथवरची, १९८८ ते ९५ मधली. हॉफमनवर विक्रेत्याने पेन्सिलीने ३५ लिहिलंय. मी २५ ला घेतलं होतं आणि चर्नी रोडपर्यंत चालत आलो होतो, कारण खिशात तेवढेच होते.

पुतण्या (१७) फरशीवर बसून चाळत होता. "काका, हे सगळं यूट्यूबवर आहे." खोटं नाही. त्याने खिशातून पत्त्यांचा कॅट काढून एका हाताने तीन ठिकाणी काटून दाखवला. माझ्याच्याने ते या जन्मी व्हायचं नाही. मग मी उठून त्याच्या डावीकडे जाऊन बसलो आणि म्हटलं, आता एक पान लपव. लपवलेली बदाम सत्ती मला अख्खी दिसत होती. "कॅमेऱ्यात नाही दिसत," तो म्हणाला. शिवाय उजखुरा असून कॅट उजव्या हातात धरतो. व्हिडिओतल्या माणसाचा डावा हात याला उजवीकडे दिसतो, म्हणून.

तिथेच ठरवून टाकलं. गणपतीत आमच्या चाळीत शनिवारी ३० ऑगस्टला जादूच्या प्रयोगासाठी वीस मिनिटं मागून घ्यायची. पुतण्या पत्त्यांचं करेल, समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींची नात (१५) नाण्यांचं. दोघांनी तोवर व्हिडिओ बघायचा नाही, फक्त पुस्तक. इंग्रजी जड आहे, ते मराठीत टाचण करून द्यायचं काम माझं. नातीने लगेच हो म्हटलं. पुतण्याने "बघू" म्हटलं, म्हणजे त्याच्या आईने त्याचा मोबाईल काढून घेतला तर हो.

८ जून, रविवार

हॉफमनची सहा पानं मराठीत करायला आठवडा गेला. पुस्तक १८७६ चं, लंडनचं. लेखकाचं खरं नाव अँजेलो लुईस, पेशाने बॅरिस्टर. मुलांच्या एका मासिकात आधी क्रमशः आलेला मजकूर. 'प्रोफेसर हॉफमन' हे टोपणनाव. आपल्या वकिलाला हातचलाखी येते हे कुठल्या अशिलाला आवडेल? पण वकिलीचा गुण लिखाणात उतरलाय. हात इथे ठेवा म्हणतो, की लगेच का ते सांगतो, आणि तिथे ठेवला नाहीत तर काय उघडं पडेल तेही. युक्तिवादच आहे तो. मराठीत मुलांसाठी जादूची पुस्तकं मी लहानपणी वाचली, त्यांत काय करायचं ते असायचं. का करायचं ते नसायचं.

हॉफमन १९१९ मध्ये गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे टाचणाला कोणी हरकत घेणार नाही.

खरी अडचण शब्दांची. पत्त्यांना मराठीत सगळं आहे: पिसणं, काटणं, उतारी, वाटणी. पण नाणं तळव्यात धरून हात रिकामा दाखवणं याला काय म्हणायचं? आम्ही आपसात 'पाम करणं' म्हणतो, तेच ठेवलं. गारुडी ज्याला नजरबंदी म्हणतात ती म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर मंत्र. आम्हाला हवं ते फक्त 'नजर वळवणं'. अनामिका आणि मध्यमा लिहिलं तर नात हसली. 'करंगळीशेजारचं' आणि 'मधलं' केलं.

सर्वांत अडलो ते अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो त्याच्यापाशी. नाण्याची एक कड तिथे अडकते, दुसरी समोर बोटांच्या मुळाशी. मी 'अंगुष्ठमूल' लिहिलं होतं, आयुर्वेदाच्या पुस्तकातल्यासारखं. नातीच्या आजी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "कणीक मळताना जोर लावतो तो भाग ना?" टाचणात तसंच घातलं. नातीने एकदा वाचलं आणि नाणं बरोबर जागी ठेवलं.

१५ जून, रविवार

नाणी. हॉफमनच्या काळातला हाफ-क्राउन ३२ मिलिमीटरचा. बोबोचा अमेरिकन हाफ डॉलर ३०.६. आपलं दहाचं नाणं २७. चार-पाच मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण नातीच्या तळव्यात दहाचं नाणं कडेला पोचतच नाही, घसरून मधल्या खळग्यात पडतं. मग हात चिमटल्यासारखा दिसतो. बोबो वाचताना मी स्वतः विशीत याच गोष्टीपायी रडकुंडीला आलो होतो आणि दोष माझ्या हाताला दिला होता.

आजींनी देवघरातला राणीछाप रुपया काढून दिला. ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा (तोळ्याचं वजन या रुपयावरूनच आलंय), आणि रुंदी जवळपास हाफ डॉलरएवढी. जणू तिच्याच हातासाठी पाडलेला. पण एक चांदीचा रुपया घेऊन नाण्यांचा पाऊस पाडता येत नाही आणि वीस घ्यायची ऐपत कोणाची नाही.

तोडगा नातीनेच काढला: वीसचं नाणं. रुंदी तीच २७, पण बारा कोनांचं. कोपरा उंचवट्यात रुततो. गुळगुळीत गोल नाण्यापेक्षा पक्कं बसतं आणि हात जास्त सैल ठेवता येतो. हे एकाही पुस्तकात नाही, असूही शकत नाही. पण नाणं का टिकतं, दोन विरुद्ध कडांवरच्या दाबाने, हे तिने वाचलं होतं. कोपरे कामाला येतील हे तिला त्यावरूनच सुचलं. मी तीस वर्षांत दहाच्या पुढे गेलो नव्हतो.

२२ जून, रविवार

पुतण्याने एर्डनेस मागितलं. सगळ्यांना तेच हवं असतं. १९०२, शिकागो, लेखकानेच छापलेलं. एस. डब्ल्यू. एर्डनेस हे नाव उलटं वाचलं की ई. एस. अँड्र्यूज होतं, पण तो कोण याचा आजतागायत निकाल लागलेला नाही. पत्त्यांच्या जुगारातली लबाडी एवढ्या थंड डोक्याने कोणी लिहिली नसेल. प्रस्तावनेत सरळ कबुली आहे की पुस्तक खपावं, कारण लेखकाला पैशांची गरज आहे. ओटावाचा डाय व्हर्नन हे लहानपणी वाचायला लागला आणि ९८ व्या वर्षी गेला तोवर त्याच्याबद्दल बोलत राहिला. विसाव्या शतकातले बहुतेक बडे पत्तेबाज व्हर्ननकडून शिकले, म्हणजे पर्यायाने या निनावी माणसाकडून.

पुतण्याला दिलं एकच पान. चार दिवसांनी आला. "काका, यात एक वाक्य सात ओळींचं आहे." हो. आणि ते तीन वेळा वाचल्यावर कळतं की प्रत्येक अर्धविरामाशी एक बोट हलतं. चित्रं आहेत, एम. डी. स्मिथ नावाच्या चित्रकाराने प्रत्यक्ष हात बघून काढलेली शंभर आणि एक, पण चित्र क्षणाचं असतं. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत हात कसा गेला ते वाचणाऱ्याने आपल्या हाताने शोधायचं. पुतण्याने शोधलेला मार्ग पुस्तकातल्यासारखा नव्हता. थोडा कुरूपही होता. पण डावीकडून, उजवीकडून, कुठूनही बघितलं तरी पान दिसत नव्हतं. त्याला माझं कौतुक नको होतं, तो परत परत करत होता.

या पुस्तकातला मला सर्वांत उपयोगी पडलेला नियम कुठल्या युक्तीचा नाही. पत्ते धरण्याची, पिसण्याची, वाटण्याची पद्धत एकच ठेवा, कारण नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की संशय येतो. पुतण्याची नेमकी हीच खोड. एरवी कॅट कसाही धरतो आणि चलाखी करायच्या आधी एकदम डॉक्टरने इंजेक्शन धरावं तसा. समोरच्याला कळतं, आता काहीतरी होणार. त्याला सांगितलं, आठवडाभर घरी आजीबरोबर रमी खेळ आणि प्रत्येक डावात कॅट एकाच पद्धतीने धर. आजीने त्याच्याकडून एकशे दहा रुपये जिंकलेत. धरायची पद्धत मात्र बसतेय.

एक राहिलं. एर्डनेसचं सगळं टेबलावर चालतं. आम्ही सतरंजीवर बसतो. टेबलाची कड जे झाकते ते आमच्याकडे मांडीने झाकावं लागेल.

६ जुलै, रविवार, आषाढी

पहिल्या मजल्यावरचे मास्तर उपासाची खिचडी घेऊन आले. ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात, शाळांमधून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतात: हवेतून अंगारा, पाण्याने पेटणारा दिवा. दाखवतात आणि मग कसं केलं तेही सांगतात. त्यांना नेहमीचा टोमणा मारला: "तुम्ही आमचं दुकान बंद करणार." ते म्हणाले, "तुम्ही जादू म्हणून दाखवता तोवर आमचं तुमच्याशी भांडण नाही."

मग त्यांना रेजिनाल्ड स्कॉटची गोष्ट सांगितली. इंग्रजीत जादूच्या युक्त्या सविस्तर छापणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी एक त्याचं, १५८४ मधलं. ते जादूगारांसाठी लिहिलेलंच नाही. तेव्हा चेटकीण म्हणून बायकांना फासावर देत होते. स्कॉटचं म्हणणं, बाबांनो, यात सैतान नाही, लबाडी आहे, भ्रम आहे, आणि लोक ज्याला चेटूक समजतात त्यातलं बरंच हातानेही करता येतं. ते पटवायला त्याने गोळ्या, नाणी, पत्ते यांच्या युक्त्या, जिभेतून सुई आरपार काढणं, तबकातलं बोलतं मुंडकं, सगळं उलगडून सांगितलं. पुढे याच पानांची उचल करून जादूची पुस्तकं निघाली. म्हणजे आमच्या धंद्याची पोथी एका अर्थी मास्तरांच्याच माणसाने लिहिली. मास्तर गप्प झाले. मग म्हणाले, "१५८४? आणि आपल्याकडे कायदा व्हायला २०१३." त्यापुढे त्या साली पुण्यात काय झालं ते दोघांच्याही मनात आलं. बोललं कोणी नाही.

गुपित सांगावं की नाही यावर माझं मत इतकंच: जो पुस्तक उघडून सात ओळींचं वाक्य तीनदा वाचेल, त्याने ते कमावलं. फुकट चघळायला कोणाला देऊ नये. म्हणून या नोंदींतही काही ठिकाणी मी हात आखडता घेतलाय.

१३ जुलै, रविवार

दमट हवेत पत्ते फुगले. पिसायला घेतले की पाच-पाचच्या वड्या पडतात. शिकागोच्या माणसाला गिरगावच्या जुलैची काय कल्पना. कॅट तांदळाच्या डब्यात ठेवून बघितला, थोडा फरक पडला. प्लॅस्टिकचे पत्ते पुतण्याला नकोत, निसटतात म्हणतो. बरोबर म्हणतो.

२० जुलै, रविवार

आज सपशेल आपटलो. ही नोंद सविस्तर करतो.

पाऊस थांबला म्हणून चौकात रंगीत तालीम घेतली. नातीचं काम: हवेतून एकेक नाणं पकडायचं आणि भांड्यात टाकायचं. जुना खेळ, हॉफमनमध्येही आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या टी. नेल्सन डाउन्सने याच एका खेळावर जगभर नाव काढलं. तो उंच टोपी वापरायचा. आमच्याकडे उंच टोपी कुठली, म्हणून स्टीलचं पातेलं घेतलं. उजवा हात हवेत, नाणं चमकलं, पातेल्यात टण्ण. सुरेख चाललं होतं. माझ्यासमोर, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक चिरका आवाज आला: "डाव्या हातात आहेत सगळी! पातेल्याच्या आत!" सहा-सात वर्षांचं पोरगं, कठड्याच्या गजांतून तोंड बाहेर काढलेलं. मग तिसऱ्या मजल्यावरून आणखी दोघं. नात मटकन खालीच बसली.

चूक माझी. ही पुस्तकं मी तीस वर्षं वाचतोय आणि त्यांतली खोली कधी डोळ्यांसमोर आणली नाही. लंडनचा दिवाणखाना किंवा नाटकगृह, प्रेक्षक समोर, फार तर जरा खाली. हॉफमन टेबलामागे एक छुपी फळी लावायला सांगतो, सर्व्हांट म्हणतात तिला, वस्तू गुपचूप टाकायला. समोरून ती दिसणं शक्य नाही. आमच्या चाळीत तीन बाजूंना तीन मजल्यांच्या गॅलऱ्या, निम्म्याहून जास्त माणसं वरून बघतात. त्यांना फळी दिसते, पातेल्याचा तळ दिसतो, माझं टक्कलही दिसतं. वाढदिवसांचे कार्यक्रम मी हॉलमध्ये करत आलो, म्हणून कधी अडलं नाही.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे पुस्तक चुकलं." रागात होतो, हो म्हणणार होतो. नात म्हणाली, "नाही, त्याने लिहिलंय ना, बघणारा कुठे आहे ते आधी ठरवा. आपण ठरवलं नाही." तिने टाचण माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं.

२७ जुलै, रविवार

संध्याकाळी तिघं चौपाटीवर गेलो. ओल्या वाळूच्या अलीकडे फरसबंदीवर एक म्हातारा गारुडी फडकं पसरून बसला होता, तीन लाकडी वाट्या आणि कापडाच्या गोळ्या. आपल्याकडच्या वाट्यांना वर मूठ असते, ती दोन बोटांत धरून वाटी उचलतात. भोवती तीस-चाळीस माणसं, सगळी उभी, सगळी वरून बघणारी. पाठीमागेही. आणि कोणाला काही दिसत नव्हतं.

मी पुतण्याला ढोसलं: हात बघ. म्हाताऱ्याचा तळवा कायम जमिनीकडे. वाटीची मूठ धरायची म्हणून हाताची पाठ वर येणारच, त्यात मुद्दाम केल्यासारखं काही नाही. वरून बघणाऱ्याला फक्त हाताची पाठ दिसते. गोळी कुठे आहे हे कळायला जमिनीत डोळे हवेत.

खेळ संपल्यावर पन्नास रुपये ठेवले आणि मोबाईलवर हॉफमनमधलं वाट्यांच्या खेळाचं चित्र दाखवलं. टेबल, तीन पेले, मागे उभा जादूगार. त्याने चित्र लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "पीछे कौन खडा है?" मी म्हटलं, कोणी नाही, पडदा आहे. "फिर तो मजे हैं," म्हणाला आणि वाट्या एकात एक घालून पिशवीत टाकल्या.

हाच खेळ रोमच्या सेनेकाने पहिल्या शतकात एका पत्रात लिहिलाय: पेले आणि खडे, फसवणूक आहे पण निरुपद्रवी, आणि युक्ती कळली की मजा जाते. युरोपात मग त्यावर ग्रंथ झाले. आपल्याकडे बापाने मुलाला शिकवलं आणि फडकं गुंडाळलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात जे आहे त्याची सात ओळींची वाक्यं कोणी लिहिली नाहीत. उलट जुन्या विलायती पुस्तकांत हिंदुस्थानी फकिरांवर जे सापडतं त्यात भाकडकथा बऱ्याच. दोरीवर चढून गायब होणारा मुलगा जगप्रसिद्ध झाला तो शिकागोच्या एका वर्तमानपत्राने १८९० मध्ये छापलेल्या बनावट बातमीमुळे. काही महिन्यांनी त्यांनीच कबूल केलं की ती रचलेली होती. कबुली कोणाच्या लक्षात राहिली नाही.

३ ऑगस्ट, रविवार

पातेलं रद्द. आजींचा पितळी तांब्या घेतला. अरुंद गळा, वरून पाहिलं तर अंधार. डाव्या हाताचं काम गळ्याच्या आत लपतं (ते काय, हे पुस्तकात वाचा). शिवाय आवाज. उंच टोपीत नाणं पडलं तर धप्प होत असेल. पितळेत पडतं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरही कळतं.

उजव्या हाताला गारुड्याची चाल लावली: नाणं पकडल्यावर हात खाली येताना पाठ वर. चार दिवसांत जमलं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

शिंप्याकडे. हॉफमन कोटाच्या शेपटीत दोन छुपे खिसे शिवायला सांगतो, हात सैल सोडला की बोटं जिथे पडतात नेमक्या तिथे. माप इंचांत देत नाही, हातावरून देतो. म्हणून तर ते दीडशे वर्षांनी झब्ब्यालाही लागू पडलं. नातीला उभं केलं, हात सोडायला लावले, बोटांच्या टोकांशी खडूची खूण. खिसा नेहमीपेक्षा दोन बोटं मागे सरकला. शिंपी म्हणाला, इथे पाकीट ठेवलं तर लोकलमध्ये मारतील. म्हटलं, पाकीट ठेवायचं नाही, नाणी टाकायची आहेत. त्याने खडू कानावर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. गाड्या ठप्प, ऑफिसला सुट्टी, दिवसभर घरात. रोबेर-उदाँ पुन्हा वाचला.

हा फ्रेंच घड्याळजी, १८०५ चा जन्म. तो सांगतो, घड्याळाच्या कामावरचा ग्रंथ विकत घ्यायला गेला, दुकानदाराने चुकून जादूवरचे दोन खंड बांधून दिले, आणि आयुष्य फिरलं. पुढे टोरिनी नावाचा गुरू भेटला म्हणतो. तो टोरिनी त्याने बहुधा रचलाच, असं अभ्यासक मानतात. पुडी सोडण्यात जादूगार आत्मचरित्रातही मागे राहत नाही. ज्याने त्याच्या नावावरून आपलं नाव हुदिनी ठेवलं, त्यानेच १९०८ मध्ये त्याला उघडं पाडायला अख्खं पुस्तक लिहिलं. तेही रागाच्या भरात लिहिलेलं, दोघांवरही पूर्ण भरवसा ठेवू नये.

पण १८६८ च्या शिकवणीच्या पुस्तकात तो एक सांगतो त्याला तोड नाही: जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट. लहानपणी मी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला होता. एकही युक्ती आठवत नाही. एका रिकाम्या डब्यात डोकावून त्यांना झालेलं आश्चर्य आठवतं.

नातीचं दुखणं हेच आहे. नाणं उजव्या हातातून डाव्यात 'दिलं' की तिची नजर चोरासारखी उजव्याकडे जाते, जिथे ते खरं असतं. मी महिनाभर "बघू नको, बघू नको" करत होतो. त्याने काय होणार. आज पद्धत बदलली: दहा वेळा खरंच डाव्या हातात दे. स्वतःकडे बघ, मूठ कधी मिटते, मान कुठे वळते, उजवा हात नंतर काय करतो. काहीच करत नाही, तो बिचारा लोंबतो. अकराव्यांदा दिल्यासारखं कर. अकरावी वेळ आजींनी पाहिली आणि डावी मूठ उघडायला लावली. रिकामी. आजींनी नातीचा उजवा हात न बघता फ्रॉकचा खिसा तपासला.

२४ ऑगस्ट, रविवार

तालीम. वीस मिनिटांचं सव्वीस होतंय. पुतण्याची बडबड कापली. त्याला हॉफमनचे दोन नियम वहीवर लिहून दिले: काय करणार ते आधी सांगू नये, आणि एका रात्री तोच खेळ दोनदा करू नये. "आधी सांगितलं तर उत्सुकता वाढते ना?" असं त्याचं म्हणणं. म्हटलं, कळेल.

३० ऑगस्ट, शनिवार

आझाद मैदानातल्या गर्दीमुळे फोर्टात दिवसभर सगळं अडलेलं, म्हणून मी लवकर निघून घरी पोचलो. आरती साडेआठला. मग मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण, त्यात आमची सहा मिनिटं गेली.

नातीने नाण्यांनी सुरुवात केली. पहिल्या नाण्याला चौकात गोंगाट होता. चौथ्याला तांब्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी तिच्याकडे बघतच नव्हतो, दुसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे बघत होतो. ते पोरगं गजांत तोंड खुपसून होतंच. सातव्या नाण्याला त्याने आईला विचारलं, "कुठून?" मोठ्याने. नातीने वर पाहिलं, त्याच्या दिशेने हात उंचावला आणि आठवं नाणं तिथून, त्याच्या नाकाखालच्या हवेतून काढलं. हे बसवलेलं नव्हतं.

मग पुतण्या. समोर सतरंजीवर बसलेल्या आजोबांनी पान घेतलं, बघितलं, परत ठेवलं. इथवर ठीक. पुतण्या बोलायला वळला आणि आजोबांनी कॅट उचलून चक्क पिसायला घेतला. चाळीस वर्षं रमी खेळलेला माणूस, कसा पिसेल? पानांची खिचडी झाली. मला घाम फुटला. पुतण्याने कॅट घेतला, आपल्याकडे तोंड करून पानं पसरली, जरा जास्तच वेळ घेतला, मिटला. नंतर त्याने सांगितलं: आजोबांचं पान दोनांपैकी एक आहे एवढंच कळत होतं. एक वर ठेवलं, एक खाली. मग शांतपणे विचारलं, "आजोबा, पान कुठलं होतं?" इस्पिक दश्शी. त्याने वरचं पान उलटलं नाही. कॅटच उलटा केला. खाली इस्पिक दश्शी.

काय होणार हे त्याने आधी सांगितलं असतं, तर इथे सुटका नव्हती. आजोबा पान हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले, मग म्हणाले, "परत कर." पुतण्याने माझ्याकडे पाहिलं आणि कॅट खिशात घातला.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. घसा बसलाय. हिशेब: वीसची बारा नाणी घेतली होती, अकरा मिळाली. शिंप्याचे दोनशे. तांब्याला पोचा आलाय, आजी म्हणतात राहू दे.

पुतण्या व्हिडिओकडे परत गेलाय. मी काही म्हटलं नाही. पण काल पाहिलं, मोबाईल पुस्तकासारखा मांडीवर ठेवून, दर दोन सेकंदांनी थांबवून, वहीत लिहून घेत होता. सात ओळी झाल्या होत्या.

नातीने हॉफमन घरी न्यायला मागितलं. पाम करण्याच्या पानाच्या समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीने 'जमत नाही' लिहिलेलं आहे, बहुधा १९९० चं. ते तिने वाचलं आणि विचारलं, खाली लिहू का. तिने लिहिलं: 'वीसचं घ्या. कोपरा उंचवट्यात. वरून बघणारे असतील तर पाठ वर.' पेनने लिहिलं, ते मला जरा लागलं.

पुस्तक सध्या तिच्याकडेच आहे. कसर लागलेली पानं पहिलीच आहेत, ती जिलेटिन कागदात घालून दे म्हटलंय. आणि डांबराच्या गोळ्या पानांत ठेवू नको, कपाटाच्या कोपऱ्यात ठेव, कागद पिवळा पडतो.